मनोऱ्याचा हिशेब कोणी करायचा?

जून महिना आला की मलकापुराजवळ महामार्गाच्या दुतर्फा महाविद्यालयांचे फलक उगवू लागतात. हेल्मेट घातलेला एक हसरा तरुण, पाठीमागे दातेरी चाके आणि खाली ठळक अक्षरांत यंदाचे ‘सर्वोच्च वेतन’. या फलकांतील लबाडी साधी आहे. सर्वोच्च वेतन हा एका विद्यार्थ्याचा आकडा असतो. कर्ज मात्र अर्ध्या वर्गाच्या डोक्यावर असते.

या लबाडीत मीही वाटेकरी आहे. सहा वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एका कुटुंबातील मुलाला मेकॅनिकल अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. वडील पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला, मुलाच्या मस्तकावर हात ठेवला आणि देवाचे आभार मानले. कर्ज किती, व्याज कोणत्या दराने, फेडणार कोण, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. गेल्या वर्षी तेच वडील थकलेल्या हप्त्यांची नोटीस घेऊन त्याच खुर्चीत बसले होते. त्या दिवशी मी जो हिशेब मांडला, तो सहा वर्षांपूर्वी मांडायला हवा होता.

वाचकहो, तो हिशेब आपणही मांडून पाहावा. आकडे गृहीत धरलेले आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. शुल्क, वसतिगृह व खाणावळ मिळून वर्षाला दीड लाखाप्रमाणे चार वर्षांचे सहा लाख कर्ज झाले. व्याज दहा टक्के. शिक्षणाच्या काळात आणि नंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो, पण व्याज झोपलेले नसते. सरळव्याजानेही पाच वर्षांअखेर ते २,१०,००० रुपये होते. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या दिवशी देणे ८,१०,००० रुपये. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १०,७०० रुपये. पंधरा वर्षे मागून घेतली तर हप्ता ८,७०० वर येतो खरा, पण एकूण भरणा साडेपंधरा लाखांच्या वर जातो. आता चाकणच्या एखाद्या कारखान्यात नवशिक्या अभियंत्याच्या हाती महिना अठरा हजार पडतात असे धरू. हप्ता देऊन ७,३०० उरले. त्यात खोलीचे भाडे, जेवण आणि गावाकडे यायचे एसटीचे भाडे. आईच्या औषधांना यात जागा कुठे आहे?

या व्यवहारात जोखीम कोणाची, हा माझा खरा प्रश्न आहे. महाविद्यालयाला शुल्क वर्षाच्या आरंभीच मिळते. विद्यार्थ्याला नोकरी लागो वा न लागो. बँकेला व्याज मिळते आणि साडेसात लाखांपर्यंतच्या पात्र कर्जांसाठी २०१५ पासून केंद्र सरकारची हमी योजना तिच्या पाठीशी आहे. कारखानदाराला पदवीधर मिळतो, पण त्याच्या घडणीचा खर्च त्याला उचलावा लागत नाही. उरला तो मुलगा आणि सहकर्जदार म्हणून सही केलेले त्याचे आईबाप. ज्यांच्यापाशी सर्वांत कमी, त्यांच्याच खांद्यावर सारे ओझे! याला शिक्षणाचा प्रसार म्हणावे की गरिबाच्या आशेवर चाललेला व्यापार?

हे नेहमीच असे नव्हते. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली उभे राहिले तेव्हा अभियंता घडवणे हे समाजाचे काम मानले जात होते आणि खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलत होते. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे खेड्यापाड्यांतील असंख्य मुले अभियंते झाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु खर्च सरकारच्या खांद्यावरून उतरला तो हवेत विरला नाही. तो घरांच्या खांद्यांवर आला.

काहीजण म्हणतील, ज्ञानाचे मोल पैशात करू नये. मान्य. पण बँकेचा हप्ता पैशातच भरावा लागतो. मनोरा बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दृष्टान्त प्रभू येशूने दिला, तो संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. हिशेब करणे म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ‘गरिबांच्या मुलांनी फिटरच राहावे, असे फादरांना वाटते काय?’ मुळीच नाही. मी शिडी काढून घ्या म्हणत नाही; शिडीला पायऱ्या असतात, एवढेच सांगतो. आयटीआयनंतर पदविकेच्या आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार काम शिकताना विद्यावेतनही मिळते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्यांचा नांगर आणि पंप मात्र घरोघरी पोहोचले. हाताला कमी लेखणारा समाज डोक्यालाही फार काळ मान देत नाही.

म्हणून माझी मागणी थोडकी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने फलकावर सर्वोच्च वेतनाऐवजी मधले वेतन छापावे: शाखेतील सर्व विद्यार्थी वेतनाच्या क्रमाने उभे केले तर मधोमध येणाऱ्याचे. नोकरीविना राहिलेले किती, हेही छापावे. कारखानदारांनी न्याय्य वेतनाचा विचार करावा. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात तो नैतिक कर्तव्य म्हणून मांडला आहे. आणि आम्ही धर्मगुरूंनी पेढा खाण्यापूर्वी कागद-पेन्सिल मागावी. शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलतीचा अर्ज आधी, कर्जाचा नंतर.

मलकापूरच्या माणसाला हे अवघड जाऊ नये. आपल्या गावात नळाला चोवीस तास पाणी आहे, कारण घरोघर मीटर आहे. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारे गाव मुलाच्या पंधरा वर्षांच्या कमाईवर डोळे मिटून सही कशी करते?

१८५० च्या दशकाच्या आरंभी तुरीन शहरात संत जॉन बॉस्को गरीब मुलांना कारागिरांकडे कामाला लावीत. ते केवळ आशीर्वाद देऊन थांबले नाहीत. मुलाला काय शिकवायचे, किती मोबदला द्यायचा, सुट्टी केव्हा, हे सारे ते करारात लिहून घेत आणि मुलाच्या बाजूने त्यावर सही करीत. आशीर्वादाचा हात आम्हाला सरावाचा झाला आहे. मुलाच्या बाजूने सही करणारा हात कोठे गेला, याचे उत्तर प्रथम मला द्यायचे आहे.