दारात टांगू नका, अंगणात लावा!

दारावर उलटी टांगलेली कोरफड आपण पुष्कळ घरांत पाहतो. नजर लागू नये म्हणून ती टांगतात. मातीपाण्यावाचून ती कितीतरी दिवस हिरवी राहते, तेव्हा लोक म्हणतात, बघा, हिच्यात काहीतरी आहे!

बंधू-भगिनींनो, हिच्यात आहे ते पाणी. पानांच्या गरात ते साठवलेले असते. शिवाय दिवसा उन्हात ती पानांची छिद्रे मिटून घेते व रात्री उघडते. त्यामुळे पाणी फारसे उडून जात नाही. एवढाच तो चमत्कार! टांगलेली कोरफड शेवटी सुकून मरते. तीच अंगणात लावली तर फुलते.

प्यायलाच पाणी पुरत नाही तिथे बाग कसली, असे आपण म्हणतो. पण कोरफडीला मुरमाड, पाणी न साचणारी जागा आणि ऊन एवढेच हवे. काळी माती असेल तर तिच्यात भरपूर जाड वाळू किंवा मुरूम मिसळा. मोठ्या झाडाच्या बुडाशी आलेली पिले मुळांसकट काढा, दोन-तीन दिवस सावलीत ठेवा आणि मग लावा. माती पूर्ण वाळल्यावरच तांब्याभर पाणी घाला. पावसाळ्यात वरून मुळीच घालू नका. पाणी साचले की मुळे कुजतात.

झाड तीन-चार वर्षांचे झाले की मधून उंच दांडा निघतो. त्याला पिवळी, नळीसारखी फुले लटकतात. रस प्यायला शिंजीर पक्षी येतात. आमच्या शेजारच्या मावशी दांडा दिसताच झाड उपटायला निघाल्या होत्या. "फुलोरा आला की मरतं ना ते?" मरते ती घायपात. ती एकदाच फुलते. कोरफड फुलून गेल्यावरही जगते. मावशींचे झाड वाचले.

एक मात्र ध्यानात ठेवा. पान कापल्यावर सालीखालून पिवळा, कडू चीक येतो. तो सुकवूनच काळा बोळ करतात. त्याने जोराचे जुलाब होतात. कुणी काही सांगितले म्हणून गरोदर सुनेला किंवा लेकीला तो पाजू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

आणि पिले वाढली की एक शेजारच्या घरी द्या. त्यांच्याही दारात फूल येऊ द्या.