प्रशिक्षणाचा खर्च कोणी उचलावा?

मा. जिल्हाधिकारी, धाराशिव, तथा अध्यक्ष, श्री तुळजाभवानी मंदिर संस्थान, तुळजापूर यांस,



बाहेरून अनुभवी संगणकतज्ज्ञ आणावेत की स्थानिक तरुण तयार करावेत, हा वाद अमेरिकेत अनेक वर्षे चालू असून एच-१बी व्हिसा, म्हणजे विशेष कौशल्याच्या नोकरीसाठी परदेशी व्यक्तीला मिळणारा तात्पुरता परवाना, त्याच्या केंद्रस्थानी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा मराठी घरांत काळजी पसरली. परंतु त्याच विषयावरील १९९८ च्या अमेरिकी कायद्याची आठवण फारशी कोणी काढली नाही. त्या कायद्याने असा कर्मचारी आणणाऱ्या कंपनीवर अर्जामागे ५०० डॉलरचे शुल्क बसवले, जे पुढे मोठ्या कंपन्यांसाठी १,५०० डॉलर झाले, आणि त्यातील मोठा वाटा स्थानिकांच्या प्रशिक्षणाला व शिष्यवृत्त्यांना दिला. अंमलबजावणी कितीही अपुरी असली, तरी ज्याला तयार माणूस मिळतो त्याने नवा माणूस घडवण्याचा भार उचलावा, हे त्यामागचे तत्त्व न्याय्य आहे.

तयार माणसे बाहेरून आणण्याच्या या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे माणसे गमावणाऱ्या बाजूला, धाराशिव जिल्हा उभा आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित, म्हणजे विकासाच्या निकषांवर मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत गणलेल्या या भागात शेतकरी कुटुंब मुलांच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेते, आणि पदवी हाती येताच त्या मुलांना पुण्याची वाट धरावी लागते. कारण येथे पहिली नोकरी नाही आणि नोकरीवाचून अनुभव नाही.

हा पेच सुटू शकतो, याचा दाखला देशातच आहे. १९७८ च्या सुमारास आयबीएम कंपनी भारतातून गेली, तेव्हा तिच्या येथील संगणकांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली आणि भारतीय अभियंत्यांनी ती निभावली. जबाबदारी अंगावर पडली म्हणून ते तयार झाले.

संस्थानाने तुळजापुरात अभियांत्रिकी महाविद्यालय उभे केले आणि जिल्हाधिकारी हेच संस्थानाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे काम देण्याचा आणि माणूस घडवण्याचा असे दोन्ही अधिकार येथे एकत्र येतात. म्हणून दर्शनरांग, भक्तनिवास किंवा जिल्हा कार्यालयांसाठी संगणक प्रणाली घेताना निविदेतच अशी अट असावी, की बाहेरच्या कंपनीने अनुभवी माणसे जरूर आणावीत, परंतु त्यांच्या हाताखाली जिल्ह्यातील पदवीधर वेतनावर काम करतील, आणि प्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेली मूळ आज्ञावली, या पदवीधरांच्या ताब्यात येऊन देखभाल त्यांच्याकडे सोपवली जाईल.

केवळ वेतन देऊन मात्र हे साधत नाही. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. पण संगणक शिकलेल्या मुलीला कार्यालयात केवळ माहिती भरायला बसवले, तर तिच्या हाती अनुभव म्हणून दाखवण्याजोगे काहीच उरत नाही. म्हणून पुढच्या निविदेचा मसुदा करताना महाविद्यालयातील अध्यापकांना सोबत घ्यावे, ही विनंती.