निर्णय ‘व्यपगत’ झाला म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या कुरखेड्यात चार शिक्षक एकत्र आले की तीन शब्द हमखास कानावर येतात : बदली, रद्द आणि रुजू. तिन्ही शब्दांचं मूळ अरबी. फारसी-उर्दूच्या वाटेने ते मराठीत आले आणि इथलेच झाले. ‘बदल’ म्हणजे एकाच्या जागी दुसरं. ‘रद्द’चा मूळ अर्थ परत फिरवणं. ‘रुजू’ म्हणजे परत येणं, वळणं. मराठीत तो कामावर हजर होण्यापुरता उरला.

बोलताना हे शब्द स्वच्छ असतात. बदली कोणी केली, कोणी थांबवली, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असतं. तेच शब्द सरकारी कागदावर गेले की करणारा माणूस वाक्यातून गायब होतो. निर्णय ‘होतो’, ‘बदलतो’, ‘संपुष्टात येतो’. कोणी केला, ते दिसत नाही.

दोन उदाहरणं पाहू.

पहिलं 2025 चं. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध झाला. 17 जूनला शुद्धिपत्रक निघालं. त्यात ‘अनिवार्य’ गेलं आणि ‘सर्वसाधारणपणे’ आलं. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान 20 मुलांनी ती मागायची, अशी अट घातली.

आता आमच्या जंगलपट्ट्यातली शाळा डोळ्यांसमोर आणा. कित्येक गावांत एका वर्गात 20 मुलंच नसतात. कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी उर्दू, कुणाच्या घरी छत्तीसगढी. त्यांना निवडीचा हक्क कागदावर मिळाला, हातात नाही. म्हणजे शब्द बदलला, गोष्ट तीच राहिली. (उर्दू माध्यमात उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा आधीच आहेत. प्रश्न होता तो मराठी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांचा.)

लोकांनी हा शब्दांचा खेळ ओळखला. 5 जुलैला मुंबईत मोर्चा ठरला. त्याआधीच, 29 जूनला, मुख्यमंत्र्यांनी दोन्ही शासन निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं. सोबत नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. म्हणजे कागद मागे घेतला, पण विषय समितीकडे सोपवला. ‘रद्द’ आणि ‘मुलतवी’ यांत फरक आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं आहे. जुलै 2014 मध्ये आघाडी सरकारने अध्यादेश काढून मराठा समाजाला 16 टक्के आणि मुस्लिम समाजातील मागास घटकांना 5 टक्के आरक्षण दिलं. 14 नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली. मुस्लिमांचं शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण मात्र रोखलं नाही.

तोवर सरकार बदललं होतं. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात मराठा आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. मुस्लिम आरक्षणाचं विधेयक आलंच नाही. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेशाचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो, असं राज्यघटनेचं कलम 213 सांगतं. तसाच तो संपला. कागदोपत्री शब्द : व्यपगत. मार्च 2015 मध्ये त्यावर आधारलेला शासन निर्णयही रद्द झाला.

मराठा समाजाला मिळालं याची तक्रार नाही. तक्रार शब्दाची आहे. ‘व्यपगत झाला’ हे वाक्य असं वाटतं जणू झाडाचं पान आपलं आपण गळालं. पण विधेयक न आणणं हाही निर्णयच असतो, आणि तो कोणीतरी घेतलेला असतो. आधीच्या सरकारलाही विचारायला हवं : निवडणूक काही महिन्यांवर आली तेव्हाच अध्यादेश का काढला, वेळ असताना कायदा का केला नाही?

दोन्ही उदाहरणांतला फरक पाहा. हिंदीच्या वेळी लोकांनी एकेक शब्द तपासला आणि सरकारला परत फिरावं लागलं. आरक्षणाच्या वेळी ‘न्यायालयाने अडवलं’ एवढंच आपल्यातल्या अनेकांनी ऐकलं आणि गप्प बसलो. शिक्षणातलं आरक्षण न्यायालयाने अडवलं नव्हतं, ही गोष्ट आजही किती घरांत माहीत आहे?

‘तौबा’ या शब्दाचा मूळ अर्थही परत फिरणं हाच. पण मदरशातलं लहान मूलही सांगेल की नुसतं परत फिरून तौबा होत नाही. चूक मानावी लागते, ती सोडावी लागते, पुन्हा न करण्याचा इरादा करावा लागतो. आणि कुणाचा हक्क मारला असेल तर तो परत द्यावा लागतो. सरकारकडून तौबेची अपेक्षा नाही, पण मापाला ही फूटपट्टी चांगली आहे.

म्हणून पुढच्या वेळी मोबाइलवर ‘निर्णय बदलला’, ‘स्थगित’, ‘व्यपगत’ अशी बातमी आली की पुढे पाठवण्याआधी मुलांना जवळ बसवा आणि तीन प्रश्न विचारा. कोणी केलं? नेमकं काय परत घेतलं? ज्याचं गेलं होतं, त्याला ते परत मिळालं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर अर्ज लिहायला बसा. मराठीत लिहा, आणि वाक्यात कर्ता विसरू नका.