ढील द्या, सर!

उत्तरायणाला सुरतेच्या गच्चीवर फिरकी धरून वडील ओरडायचे, "अरे, ढील दे!" पस्तीस वर्षांनी तोच शब्द मावळात, कामशेतच्या टेकडीवर कानी पडला. पॅराग्लायडिंग शिकताना सुरुवात जमिनीवरच होते. वाऱ्याकडे तोंड करायचे, कापडी पंख डोक्यावर उभा करायचा आणि धावायचे. मी घाबरून दोन्ही ब्रेक खाली ओढले. पंखाचा वेग मेला, तो मागे कोसळला. विशीतला शिक्षक हसून म्हणाला, "सर, हात वर! ढील द्या." मी खजील झालो. मंडळी, दोरी हातातच ठेवायची, पण पंखाला वारा घेऊ द्यायचा. लेकीने पुण्याला शिकायला जायचा हट्ट धरला होता. घरी पोचल्यावर तिच्या अर्जावर मुकाट्याने सही केली.