रयोमाचे स्मारक पाहा, पण सुइहेइशाला विसरू नका

२०१५ साली जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसला. जपानला जाणारे आपले लोक तिथे वंदन करतात, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण जपानकडून काही शिकायचे असेल तर कोची शहराजवळच्या कात्सुराहामा समुद्रकिनारीही जावे. तिथल्या टेकडीवर साकामोतो रयोमाचे संग्रहालय आहे. किनाऱ्यावरचा त्याचा पुतळा १९२८ साली कोचीच्या तरुणांनी वर्गणी गोळा करून उभारला.

रयोमा हा तोसा संस्थानातला खालच्या दर्जाचा सामुराई. सामुराईंमध्येही उच्च-नीच होतेच. १८६२ मध्ये त्याने संस्थान सोडले. १८६६ मध्ये सात्सुमा आणि चोशू या एकमेकांच्या वैरी संस्थानांना त्याने एकत्र आणले. १८६७ मध्ये क्योतोत त्याचा खून झाला आणि पुढच्याच वर्षी मेइजी राजवट आली. उतरंडीचा जाच सोसलेला माणूस जुनी सत्ता उलथवायला निघतो, म्हणून तो आपल्याला जवळचा वाटतो.

१९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी जपानचा दाखला दिला आहे. दाइम्यो, सामुराई, सामान्य जन आणि सर्वांत खाली एता, अशी ती उतरंड. राष्ट्रासाठी सामुराईंनी विशेषाधिकार सोडले; भारतातला सत्ताधारी वर्ग असे करील काय, हा त्यांचा सवाल होता. तो आजही अनुत्तरित आहे.

मात्र त्या एतांचे पुढे काय झाले, हेही आपण विचारले पाहिजे. १८७१ च्या फर्मानाने त्यांना कागदावर समान केले. सामुराईंचे तनखे बंद करताना सरकारने त्यांना रोखे दिले. एतांना ना जमीन मिळाली, ना भांडवल; उलट चामड्याच्या धंद्यावरचा त्यांचा परंपरागत हक्कही गेला. त्यांना 'नवे सामान्य जन' म्हटले जाऊ लागले, म्हणजे जुनी ओळख नव्या शब्दात कायम राहिली. १८७३ मध्ये मिमासाका भागात दंगलखोरांनी त्यांच्या वस्त्या जाळल्या, माणसे मारली. आपल्याकडे संविधानाने अस्पृश्यता संपवली, तरी गावाबाहेरची वस्ती गावाबाहेरच राहिली. यात फरक किती?

सत्तापालट झाला म्हणजे समाजक्रांती झाली असे नाही. ती करायला दलितांनाच उभे राहावे लागते. ३ मार्च १९२२ रोजी, रयोमाचा जिथे खून झाला त्याच क्योतोत, या बुराकू समाजाने 'सुइहेइशा' स्थापन केली. कुणाची दया नको, आमची मुक्ती आम्हीच मिळवू, ही त्यांची भूमिका. पाच वर्षांनी महाडच्या तळ्यावर हाच स्वाभिमान उभा राहिला. त्यांचेही संग्रहालय आहे, नारा प्रांतातल्या गोसे इथे. तिथे जायला विसरू नका.

दादरच्या समुद्रकिनारी इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचे स्मारक होत आहे. पुतळा किती फूट उंच, याची चर्चा पुष्कळ झाली. आत काय असणार, ही चर्चा आपण करायची आहे. महाडला चालत आलेला निनावी माणूस, चळवळीतल्या बाया, जलसाकार, गिरणीतले कामगार त्यात दिसले नाहीत, तर ते फक्त एका महापुरुषाचे स्मारक होईल, चळवळीचे नाही. कोचीच्या तरुणांनी वर्गणी काढली. आपण निदान हा आग्रह तरी धरू.

जय भीम!