वकील नाही म्हणून न्याय नाही?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ज्याला ती पायरी टाळणे परवडते त्याच्याच तोंडी शोभते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून काढून टाकलेल्या कामगाराला, कल्याणच्या चाळीतील भाडेकरूला, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला ती चढावीच लागते. आणि तेथे पहिलाच प्रश्न येतो : वकील कोण?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच दिले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक मदतीचे तत्त्व राज्यघटनेत आणले. आणीबाणीतील त्या दुरुस्तीच्या अनेक तरतुदी पुढे जनता राजवटीत रद्द झाल्या. ही मात्र टिकली. १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. आरोपीने वकील मागितलाच नाही, ही सबबही त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये निकालात काढली. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील माणसे आणि औद्योगिक दुर्घटनांचे बळी यांना उत्पन्नाची अटही ठेवलेली नाही.

डोंबिवलीत २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. मृतांची कुटुंबे आणि जखमी कामगार या कलमाचे हक्कदार आहेत. पण हे त्यांच्यापैकी किती जणांना कोणी सांगितले असेल?

खरी मेख येथेच आहे. फौजदारी खटल्यात आरोपीला वकील आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी न्यायाधीशावर असते. थकलेला पगार, नुकसानभरपाई, पोटगी यांसाठी मात्र माणसाने स्वतः अर्ज करावा लागतो. कचेरी कोर्टाच्या आवारात, तीही कामाच्या वेळेत. म्हणजे अर्जापायी एक दिवसाची मजुरी बुडाली! लोकअदालतीची सोय चांगली आहे, पण तेथील तडजोडीच्या निवाड्यावर अपील नाही. न वाचता सही करणाऱ्या कामगाराने आपला हक्क पडत्या भावात विकला, असे व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. विधी सेवेचे वकील आठवड्यातून एकदा तरी संध्याकाळी औद्योगिक वसाहतीत आणि वस्त्यांत बसले पाहिजेत, आणि त्यांना मन लावून काम करता येईल एवढे मानधन मिळाले पाहिजे. परंतु शासन हे करील तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. अर्ज लिहिणे, कागद लावणे, अर्जदाराबरोबर ठाण्याच्या वा कल्याणच्या न्यायालयातील विधी सेवा कचेरीपर्यंत जाणे, तडजोडीचा मसुदा त्याला वाचून दाखवणे, यासाठी सनद लागत नाही. १५१०० हा मदतीचा क्रमांक प्रत्येक चाळीच्या फलकावर लिहायला तर खडूचा एक तुकडा पुरतो. कार्यकर्त्यांनी एवढ्यापासून तरी आरंभ करावा.