दिवा सज्ज्यात टांगा!

‘फ्लॅश वापरण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी ज्याने प्रथम रंगविली, त्याच्या हेतूविषयी मला मुळीच शंका नाही. शंका आहे ती त्याच्या नजरेविषयी. कारण ज्या खांबावर ती पाटी टांगलेली असते, त्याच खांबाला टेकून उद्घाटनाच्या दिवशी दोन-दोन छायाचित्रकार उभे असतात आणि प्रमुख पाहुण्यांच्या तोंडावर हातभर अंतरावरून धडाधड फ्लॅश उडवीत असतात. पाहुण्यांनी नारळ वाढविला, फ्लॅश! पाहुण्यांनी शाल स्वीकारली, फ्लॅश! पाहुण्यांनी कोटाची बटणे सोडून चेंडू बास्केटकडे फेकला आणि तो बोर्डालाही न शिवता स्वागताला उभ्या केलेल्या मुलींच्या तबकात जाऊन पडला, तरी फ्लॅश! मग पाहुणे चहाला जातात, छायाचित्रकार त्यांच्यामागोमाग जातात, आणि ज्या पोरींसाठी हा सारा मांडव घातला, त्या पुढची चाळीस मिनिटे अंधुक उजेडात जिवाच्या आकांताने धावत राहतात. त्यांचे छायाचित्र निघत नाही. निघालेच तर एखाद्या पालकाने कोपऱ्यातून मोबाइलवर टिपलेले. त्यात हात असतो तो धुरासारखा, चेंडू असतो तो पपईसारखा लांबट, आणि चेहरा नसतोच.

वाचकहो, फराळाचे ताट समोर असताना हा मनुष्य कसले भांडण उकरून काढतो आहे, असे तुम्ही म्हणाल. पण दिवाळी उजेडाची, आणि माझे भांडणही उजेडाचेच. शिवाय माझा अधिकार काय तेही सांगून टाकतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, त्यावर चित्रकलेची पदविका. गेली वीस-बावीस वर्षे एका शाळेत मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसवितो. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्या ज्यांनी वाचल्या त्यांचा मी ऋणी आहे, आणि ते सर्वजण मला नावाने ठाऊक आहेत. शाळेत क्रीडाशिक्षक एकच असल्यामुळे मुलींचा बास्केटबॉलचा संघ बाहेरगावी निघाला की सोबतीला मला धाडतात. मला खेळातले कळत नाही. सावली कुठे पडली आणि का पडली, एवढे मात्र कळते.

हा खेळ जन्मालाच आला तो छपराखाली. १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला वरून हुकूम आला की बर्फामुळे कोंडून पडलेल्या दांडग्या विद्यार्थ्यांसाठी आत खेळता येईल असा काहीतरी खेळ काढा. त्याने शिपायाकडे खोकी मागितली. शिपायाला खोकी सापडली नाहीत, पीचच्या फळांच्या दोन टोपल्या सापडल्या. त्या टोपल्या नेस्मिथने व्यायामशाळेच्या सज्ज्याच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर गेली, आणि जगभर आजही ती तेथेच आहे. हा कठडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. मला त्याचे पुढे काम आहे.

आपल्याकडे हा खेळ बहुधा उघड्यावर, सिमेंटच्या मैदानावर, उन्हात वाढला. मुंबईच्या नागपाड्याने असल्याच मैदानांवर घडलेले खेळाडू देशाच्या संघाला दिले. उन्हात निदान एक सोय होती: सूर्य कोणाला परवानगी विचारीत नसे. आता ठिकठिकाणी बंदिस्त क्रीडागृहे झाली, आणि ती झाली हे चांगलेच झाले. पावसात सामना थांबत नाही, गुडघे कमी फुटतात. पण या क्रीडागृहांचे दिवे बसविले जातात ते छताला, थेट डोक्यावर, आणि तेही खर्चात बसतील तितकेच. असा उजेड वरून खाली ओतल्यासारखा येतो. केस चकाकतात, नाकाचा शेंडा चकाकतो आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे उरतात. दिव्यांत पुन्हा आणखी एक खोड असते. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते, त्यामुळे जुने पाऱ्याचे किंवा सोडियमचे दिवे आणि हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला शंभर वेळा लवतात. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. एका चित्रात पोरगी काविळीने पिवळी, लगेच पुढच्या चित्रात शेवाळासारखी हिरवी.

आणि आमच्या पोरी सावळ्या. काही तर चांगल्या काळ्या. यात मी काही उणे सांगत नाही. रंगाच्या पेटीशी जन्म काढलेल्या माणसाला काळा रंग किती श्रीमंत असतो ते सांगावे लागत नाही. पण कॅमेऱ्याचा मापक हा फार सरासरी बुद्धीचा प्राणी आहे. समोर जे दिसेल ते सारे मध्यम राखाडी असावे, असे गृहीत धरून तो चालतो. मागे क्रीडागृहाची चुन्याने पांढरी केलेली भिंत आली की तो घाबरून सारे चित्र काळवंडून टाकतो, आणि त्यात चेहरा बुडतो. मग दुकानदार काय करतो? उजेड वाढवीत नाही. संगणकावर बसून पोरीला गोरी करतो!

गेल्या वर्षी हेच झाले. आमचा संघ जिल्ह्यात दुसरा आला. गावात कौतुकाचा फलक लागला. आमची कर्णधार रंगाने काळीभोर, उंच, चेंडू हातात आला की मान किंचित डावीकडे कलविणारी मुलगी. फलकावर तिच्या नावाखाली पिठाच्या रंगाची एक बाहुली होती. तिची आजी बाजाराला जाताना फलकाखाली थांबली आणि मला म्हणाली, “मास्तर, नाव आमच्या पोरीचं हाय, पन ही कोन?” मी काय उत्तर देणार? ज्या मुलीने चाळीस मिनिटे आपल्या अंगच्या बळाने मिळविले, तिला बक्षीस म्हणून आम्ही तिचाच चेहरा नाकारला होता. फलकवाल्याला मी विचारले, तर तो म्हणाला, “सर, फोटोच काळा आला होता, मी सुधारला.” त्याचे हे म्हणणे खरेच होते. म्हणून तर मी त्याच्याशी भांडलो नाही. तुमच्याशी भांडतो आहे.

यावर उपाय आहे, आणि तो प्रत्येक घरच्या दारावर दिवाळीत टांगलेला असतो. आकाशकंदील! आकाशकंदील कोणी पाहुण्याच्या नाकासमोर धरतो का? तो उंच बांधतात, जरा बाजूला, आणि अंगणात येणाऱ्याचा चेहरा आपोआप उजळतो. उजळतो तो त्याच्याच रंगाने. कॅमेऱ्याच्या कपाळावर बसविलेला फ्लॅश म्हणजे नाकासमोर धरलेली बॅटरी. त्याने चेहरा सपाट होतो, मागे भिंतीवर काळी सावली उमटते, आणि बास्केटखाली बसून मारला तर धावत येणाऱ्या पोराच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. त्याला बंदी हवीच. ती पाटी त्याच्यापुरती ठेवा. पण तोच दिवा कॅमेऱ्यावरून उतरवून सज्ज्याच्या कठड्याला, त्याच नेस्मिथच्या कठड्याला, बांधला तर गोष्टच बदलते. दोन दिवे पुरतात. दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांत एकेक, पंधरा-वीस फूट उंच, फ्री थ्रोच्या रेषेच्या साधारण बाजूला. बास्केटच्या मागे मात्र कधीही नाही, कारण नेम धरणारा तिकडेच पाहत असतो. पकड लोखंडी, आणि वर आणखी एक तारेचा दोर गाठ मारून, कारण खाली लेकरे खेळत असतात. खाली कॅमेऱ्यावर छोटे रेडिओयंत्र. बोट दाबले की दोन्ही दिवे एकदम लवतात.

लवतात किती वेळ? ही या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट. अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विजेचा हा लखलखाट असा काही माणसाळविला, की दुधाचा थेंब पडताना उडणारा मुकुटही चित्रात उभा राहिला. आज बाजारातला साधा फ्लॅश पाव शक्तीवर ठेवला तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ जळतो. कॅमेऱ्याचा पडदा जरी सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडा राहिला, तरी चित्र घडते ते त्या निमिषार्धात. बोट थांबते, घामाचा थेंब थांबतो, चेंडूवरची शिवण मोजता येते. मात्र क्रीडागृहाचा उजेड कॅमेऱ्यापुरता मंद करावा लागतो, नाहीतर प्रत्येक हाताला एक भुताचा हात चिकटतो. हिशेब सोपा आहे. त्या दिव्यांवर जेथे ३२०० ची संवेदनक्षमता आणि २.८ चे छिद्र लागते, तेथे मी ८०० आणि ४ ठेवतो. म्हणजे दालनाचा उजेड आठवा हिस्सा उरतो आणि बाकीचे सज्ज्यातले दिवे सांभाळतात. हे मला कोणी शिकविले नाही. दोन महिने रिकाम्या वर्गात हातपंपाच्या दांड्यासारखे हात हलविणारी मुले उभी करून मी शिकलो. मुलांना वाटले, सरांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

एवढी तयारी करून मी त्याच स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सज्ज्यात चढलो, तर खालून एक पदाधिकारी ओरडले, “उतरा! फ्लॅशला बंदी आहे.” मी म्हटले, “साहेब, दिवा खेळाडूंच्या डोळ्यांत येणार नाही, तुम्ही स्वतः रिंगखाली उभे राहून पाहा.” ते म्हणाले, “पाहायचे काय त्यात? नियम म्हणजे नियम.” मी उतरलो. माझ्याच पाटीवर उतरलो म्हणा ना, कारण शाळेत मीही हेच वाक्य रोज दहा वेळा उच्चारतो. संध्याकाळी बक्षीस समारंभात त्याच पदाधिकाऱ्यांच्या चष्म्यात पाच फ्लॅश एकदम चमकले, तेव्हा ते हसत होते.

आता विरोधकांचे ऐकून घेऊ. ते सगळेच अडाणी नाहीत. काही छायाचित्रकार म्हणतात, आजकालचे कॅमेरे अंधारातही पाहतात, दिवे कशाला? खरे आहे, पाहतात. पण संवेदनक्षमता वाढविल्याने आहे तोच उजेड मोठा होतो, त्याची दिशा बदलत नाही. डोळ्यांचे खळगे मोठ्या उजेडातही खळगेच राहतात. मीठ वाढविल्याने भाजी शिजत नाही. दुसरे काही म्हणतात, जसे दिसते तसे टिपावे, दिवे लावणे म्हणजे खोटेपणा. या सत्यवाद्यांना मी विचारतो: पोरीला पिठासारखी गोरी केली तेव्हा तुमचे सत्य कोणत्या सज्ज्यात बसले होते?

मुलांच्या प्रकृतीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अपस्माराच्या काही थोड्या रुग्णांना लागोपाठ झपाझप लवणाऱ्या उजेडाचा त्रास होतो. सज्ज्यातला दिवा एकदा लवला की पुन्हा भरावयास थोडा वेळ घेतो, त्यामुळे एकेक चित्र घेताना तसली बरसात सहसा होत नाही. तरीही सामन्याआधी दोन्ही संघांच्या शिक्षकांना विचारावे, आणि एकानेही नको म्हटले तर दिवे उतरवावेत, विनातक्रार. फ्री थ्रो चालू असताना बोट दाबू नये. पंचांना आधी चार वेळा दिवे लववून दाखवावेत. आणि मुलींची चित्रे आईबापांना विचारल्यावाचून कोठेही चढवू नयेत. ज्याला ही गोष्ट जड वाटते त्याच्या हाती कॅमेरा न दिलेलाच बरा. एवढे नियम करा, मी सही करतो. ‘फ्लॅश बंद’ हा एकच शब्द खांबावर लटकावून मोकळे होऊ नका.

खर्चाचे म्हणाल, तर दोन वापरलेले दिवे, पकडी, दोर आणि रेडिओयंत्र मिळून शालींच्या एका गठ्ठ्याहून महाग पडत नाही. स्पर्धेत शाली किती वाटल्या जातात ते मी मोजले आहे. मुलींना प्रमाणपत्रे दिली, शाली पाहुण्यांनी नेल्या. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली, हे आमच्या मुलींना ठाऊक आहे. तिचे चित्र त्यांनी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटविले आहे. त्या चित्रात तिचे डोळे दिसतात. आमच्या मुलींनी एवढेच मागितले होते.

पुढे फेब्रुवारीत एका दुसऱ्या गावच्या शाळेने मैत्रीचा सामना ठेवला. तेथील क्रीडाशिक्षिका स्वतः रिंगखाली उभ्या राहिल्या, मला चार वेळा दिवे लवावयास सांगितले आणि म्हणाल्या, “चालू द्या, सर.” त्या दिवशी मी साठेक चित्रे घेतली, अकरा बरी आली. एकात आमची कर्णधार रिबाउंडला उंच गेली आहे, दोन्ही हात चेंडूवर, मान डावीकडे कललेली, आणि गालावर, दंडावर, मनगटावर तिच्या काळ्या रंगाची ती निळसर झळाळी, जी मी कागदावर कोळशाने वीस वर्षे शोधतो आहे. काहीही न सुधारता मी ते छापून घेतले आणि आजीकडे नेऊन दिले. आजीने ते हातभर लांब धरले, मग जवळ आणले. “आता वळखली,” म्हणाली, आणि चहाला आधण ठेवावयास आत गेली.

यंदाच्या जिल्हा स्पर्धेसाठी सज्ज्यात दोन दिवे बांधण्याच्या परवानगीचा अर्ज मी मुख्याध्यापकांच्या सहीनिशी दिला आहे. सोबत वरील नियमही जोडले आहेत. हा मजकूर छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेले नाही. पकडी आणि दोर पिशवीत भरून ठेवले आहेत.